माजी सैनिक आणि जवान : आत्महत्या रोखण्यासाठी दवाखान्यात काय करता येते

बेळगाव आणि फौज यांचे नाते जुने आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून आपल्या गावात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, आजरा या तालुक्यांत 'मिलिट्रीत होते' असे कोणाबद्दल तरी सांगितले जात नाही असे गाव शोधावे लागेल. आपल्या मंडळाच्या सभासदांत डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदार आहेत. तशीच फौजेतल्या माणसांची कुटुंबेही आहेत. हा लेख मुख्यतः पहिल्यांसाठी लिहिला आहे, पण दुसऱ्यांनीही तो वाचावा.

आम्ही डॉक्टर नाही. आमची हयात बँकेत गेली. बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे असलेले गार्ड बहुतेक माजी सैनिकच असत, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारे फौजी पेन्शनरही आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. त्यामुळे या विषयाकडे आमचे लक्ष गेले. येथे दिलेली माहिती प्रसिद्ध संशोधन आणि कायदे यांवर आधारलेली आहे. तिचे सार इतकेच : थेट विचारा, घातक वस्तू हातापासून दूर करा, आणि नंतर संपर्क सोडू नका. या तीनही गोष्टी साध्या दवाखान्यात होऊ शकतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच असावे लागते असे नाही.

प्रश्न किती मोठा आहे

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे १२.४. हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आहेत. सैन्यदलांबाबत जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांचा असा मृत्यू झाला. त्यांत भूदलाचे ६४२, हवाई दलाचे १४८ आणि नौदलाचे २९ होते. यातला प्रत्येक जण भरतीच्या वेळी शरीराने आणि मनाने तंदुरुस्त ठरवला गेलेला होता, हे लक्षात ठेवावे. 'इतका कणखर माणूस असे कसे करील?' हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

फौजी माणूस दवाखान्यात कसा येतो

तो 'मला जगावेसे वाटत नाही' असे सांगत येत नाही. तो कंबर धरली म्हणून येतो, झोप लागत नाही म्हणून येतो, छातीत धडधडते किंवा पित्त वाढले म्हणून येतो. कधी बायको त्याला 'शुगर तपासायला' म्हणून घेऊन येते. तक्रार न करणे ही त्याची सवय असते आणि त्याच्या शिस्तीचा भागही असतो. म्हणून वारंवार येणाऱ्या, तपासण्यांत फारसे काही न सापडणाऱ्या माजी सैनिकाच्या केस पेपरवर डॉक्टरांनी एक खूण करून ठेवावी आणि पुढच्या खेपेला त्याला दहा मिनिटे जास्त द्यावीत.

सेवेतला जवान रजेवर आला की गावातल्या खासगी डॉक्टरकडे जातो, त्यालाही कारण आहे. सैन्यात 'शेप' नावाची वैद्यकीय वर्गवारी असते. तिची पाच अक्षरे म्हणजे मानसिक स्थिती, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. पहिल्या अक्षराचा दर्जा उतरला तर बढती, नेमणूक आणि हातातले शस्त्र यांवर परिणाम होईल अशी भीती जवानाला असते. त्यामुळे तो युनिटच्या डॉक्टरला न सांगितलेले तुम्हाला सांगण्याची शक्यता असते. ती संधी पुन्हा येईलच असे नाही.

धोका कशाने वाढतो

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी २००५ मध्ये मांडलेला विचार फौजी माणसाला चांगला लागू पडतो. त्यांच्या मते दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. एक, 'मी आता कोणाचाच नाही'. दुसरी, 'मी घरच्यांना ओझे झालो आहे'. त्यात मरणाची भीती मोडलेली असली, तर इच्छा कृतीत उतरण्याचा धोका वाढतो. सैनिकाच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट प्रशिक्षणाने आणि अनुभवाने आधीच घडलेली असते. राहिलेल्या दोन भावना निवृत्तीनंतर येऊ शकतात.

आपल्याकडचा शिपाई साधारण पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पलटणीत त्याला 'बडी' असतो, ठरलेली वेळ असते, नाव आणि हुद्दा असतो. घरी आल्यावर मुले बापाला पाहुणा समजतात, भावाभावांत जमिनीचा वाद असतो, आणि कालपर्यंत तुकडी सांभाळणारा हवालदार एखाद्या अपार्टमेंटच्या गेटवर वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसतो. हे काम हलके नाही. पण त्याच्या मनात ते उतरणीचे वाटू शकते.

पैशाचाही प्रश्न विचारावा, असे आम्ही आमच्या अनुभवावरून आग्रहाने सांगतो. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि पेन्शनची विकलेली रक्कम एकदम हातात येते. नातेवाईक उसने मागतात, कोणी दामदुपटीच्या योजनेत गुंतवायला लावतो, कोणाच्या कर्जाला जामीन राहावे लागते. रक्कम बुडाली की फौजी माणूस ते घरी सांगत नाही. डॉक्टरांनी 'पैशाची काही ओढाताण?' एवढे विचारले तरी पुष्कळ गोष्टी बाहेर येतात.

याशिवाय पुढील गोष्टींची नोंद घ्यावी :

• यापूर्वी केलेला प्रयत्न. धोक्याची ही सर्वांत मोठी खूण आहे.
• वाढलेली दारू. कॅन्टीनच्या कोट्यामुळे ती घरात असतेच, त्यामुळे 'घेता का?' यापेक्षा 'किती आणि कधीपासून?' असे विचारावे.
• जुनी जखम, सततचे दुखणे, अवयव गमावणे, ऐकू कमी येणे.
• दचकून उठणे, तीच तीच स्वप्ने, गर्दी व फटाके टाळणे, लहानसहान गोष्टींवर भडकणे.
• घटस्फोट, पत्नीचे निधन, कोर्टकचेरी, जवळच्या साथीदाराचा मृत्यू.
• अलीकडेच झालेली निवृत्ती, किंवा रुग्णालयातून नुकतीच मिळालेली सुट्टी. सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात.
• वस्तू वाटून टाकणे, कागदपत्रे व नॉमिनेशन घाईने नीट करणे, बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणे.

विचारावे कसे

विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत डॉक्टरांमध्येही आढळते. ती खरी नाही. थेट आणि सहानुभूतीने विचारल्याने धोका वाढतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारले याने हायसे वाटते.

मात्र विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. सोबत आलेल्यांना थोडा वेळ बाहेर बसवावे. हुद्द्याने बोलवावे : 'सुभेदारसाहेब, बसा.' सुरुवात नोकरीपासून करावी : कोणती पलटण, कुठे कुठे होता, घरी येऊन किती वर्षे झाली. त्यानंतर झोप, जेवण, दारू, पैसे यांवर यावे आणि मग मूळ प्रश्नावर. 'तसले काही वेडेवाकडे मनात येत नाही ना?' असा प्रश्न विचारू नये, कारण त्यात 'नाही' हे उत्तर आधीच घातलेले असते.

कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली एक लहान प्रश्नमाला जगभर वापरली जाते. ती वापरायला मानसोपचाराची पदवी लागत नाही. तिच्या क्रमाने, आपल्या भाषेत प्रश्न असे विचारता येतील :

१. झोपलो ते उठूच नये, मरून गेलेले बरे, असे गेल्या महिन्यात कधी वाटले का?
२. स्वतःचा जीव घेण्याचा विचार मनात आला का?
३. कसे करायचे, याचाही विचार झाला का?
४. ते करायचेच, असा काही निश्चय मनात होता का?
५. कधी, कुठे, कसे, हे ठरवायला सुरुवात केली आहे का?
६. आजवर कधी प्रयत्न किंवा त्याची तयारी केली होती का? गेल्या तीन महिन्यांत?

दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आले तर मधले सोडून सरळ सहाव्यावर जावे. पहिल्या दोन प्रश्नांनाच 'हो' असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची व्यवस्था आणि पुढची तारीख निश्चित करावी. तिसऱ्याला किंवा पूर्वीच्या प्रयत्नाला 'हो' असेल तर हे काम त्याच दिवशी व्हावे. चौथ्याला, पाचव्याला किंवा गेल्या तीन महिन्यांतील प्रयत्नाला 'हो' असेल तर ती तातडीची स्थिती समजावी. अशा माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये. 'उद्या चिठ्ठी घेऊन जा' असे न सांगता कोणाबरोबर तरी रुग्णालयात पोचते करावे.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे आणि बेळगावात तिचे पॉलिक्लिनिक आहे. तातडीच्या वेळी योजनेच्या यादीत नसलेल्या रुग्णालयातही दाखल करता येते. मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. घरच्यांना हा नियम त्याच वेळी सांगावा, म्हणजे खर्चाच्या भीतीने ते रुग्णाला परत नेणार नाहीत. रजेवरील जवानासाठी बेळगावचे लष्करी रुग्णालय आहे. त्याशिवाय जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि धारवाडची डिमहॅन्स ही संस्था आपल्यापासून लांब नाही.

शपथ नको, आराखडा हवा

आपल्याकडे अशा वेळी 'मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या' असे सांगतात. काही डॉक्टर कागदावर वचन लिहून घेतात. अशा वचनांनी जीव वाचतात याला आधार सापडलेला नाही. शिवाय शपथ घेतलेला माणूस पुढे पुन्हा तसे वाटले तर लाजेने गप्प बसतो.

त्याऐवजी बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन तज्ज्ञांनी तयार केलेला सुरक्षा आराखडा वापरावा. तो रुग्णाबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत लिहायचा असतो. अर्धा-पाऊण तास लागतो. त्याच्या सहा पायऱ्या अशा :

१. वादळ येते आहे याच्या माझ्या खुणा. (उदा. रात्री दोनला जाग येते, आणि मग झोप नाही.)
२. मी एकट्याने काय करू शकतो? (मैदानावर फेरी, रेडिओ, गोठ्यातले काम.)
३. कुठे जाऊन, कोणात मिसळून मन वळते? (देऊळ, तालीम, माजी सैनिक संघटनेची जागा.)
४. कोणाला मोकळेपणाने सांगू शकतो? (नाव आणि फोन. पलटणीतला जुना बडी येथे फार उपयोगी पडतो.)
५. कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन?
६. घरातली कोणती वस्तू, कोण, कुठे दूर ठेवणार?

फौजी माणसाला ही रीत पटते, कारण मोहिमेआधी आराखडा करण्याची त्याला सवय असते. कागद घडी घालून पाकिटात ठेवायला द्यावा आणि एक प्रत केस पेपरला लावावी. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांतील आपत्कालीन विभागांत १,६४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना असा आराखडा करून दिला आणि नंतर फोन केले, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसले.

घातक वस्तू दूर करणे

आत्महत्येचा तीव्र आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे त्या मार्गाने जात नाहीत. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये तरुण सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत घरी शस्त्र नेण्यावर निर्बंध घातले. त्यानंतर त्या वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे गार्डच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे माजी सैनिक आहेत. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. तशीच ती काही महिने पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येते. 'तुमच्यावर विश्वास नाही म्हणून' असे न म्हणता 'तब्येत सुधारेपर्यंत' असे म्हणावे. शेतीची औषधे घरात न ठेवता कुलपात, शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. महिन्याच्या गोळ्या एकदम हातात न देता आठवड्याच्या द्याव्यात आणि उरलेल्या घरच्या एका माणसाने सांभाळाव्यात. औषध दुकानदारांचे सहकार्य येथे मोलाचे आहे.

संपर्क : सर्वांत स्वस्त उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर एक अभ्यास केला. त्यात आपले चेन्नईही होते. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना घरी सोडताना तासभर समजावून सांगितले आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस केली : पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या व अकराव्या आठवड्यात आणि चौथ्या, सहाव्या, बाराव्या व अठराव्या महिन्यात. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के जणांचा.

या नऊ तारखा कॅलेंडरवर मांडायला कंपाउंडर किंवा परिचारिकाही पुरेशी आहे. बँकेत हप्त्याच्या तारखा चुकू नयेत म्हणून आम्ही डायरी ठेवत असू. दवाखान्यात अशी एक डायरी ठेवायला काहीच अडचण नसावी.

याआधीची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. तेथे त्यांना अगदी थोड्या ओळखीच्या एका मुलीची पत्रे येत आणि त्या पत्रांचा त्यांना आधार वाटे. पुढे त्यांनी उपचार नाकारून घरी गेलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षे लहानशी पत्रे पाठवली. त्यांत सल्ला नसे, 'आपण कसे आहात?' एवढीच विचारपूस असे. पत्रे मिळालेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्या कमी झाल्या. सैनिकाला घरच्या पत्राची किंमत काय असते, हे आपल्या भागातल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

कायदा आणि गुप्तता

'पोलीस केस होईल' या भीतीने लोक रुग्णाला लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही. तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट कलमच नाही. रुग्णालये अशा घटनेची पोलिसांना माहिती देतात. ती नोंद असते, शिक्षा नव्हे. सेवेतील जवानाची भीती मात्र वेगळी असते, कारण १९५० च्या लष्करी कायद्याच्या कलम ६४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न अजूनही गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. म्हणूनच त्याने प्रयत्नापर्यंत पोचण्याआधी बोलणे महत्त्वाचे ठरते.

याच २०१७ च्या कायद्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्यास सांगते. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरतीच माहिती देता येते. ही मर्यादा रुग्णाला आधीच सांगावी : 'तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील. जिवाला धोका दिसला तर मात्र मी घरच्यांशी बोलेन, आणि ते तुम्हाला सांगून बोलेन.' इतके स्पष्ट बोलणे फौजी माणसाला आवडते.

मदतीचे क्रमांक

• टेलि-मानस : १४४१६. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास मोफत चालते. मराठी व कन्नडमध्ये बोलता येते. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला.
• तातडीची मदत : ११२.

हे क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर, औषधाच्या पिशवीवर आणि माजी सैनिक संघटनेच्या फलकावर लिहावेत.

कुटुंबांना विनंती

'एवढी लढाई केलीस आणि आता रडतोस?' हे वाक्य घरात बोलू नये. त्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे. तो बोलला तर मध्ये तोडू नये. एकदा बोललेले थट्टेवारी नेऊ नये. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे तेथे जरूर जावे आणि कारणांची चौकशी करू नये. मागे राहिलेल्या पत्नीला, मुलांना व भावालाही आधार आणि तपासणीची गरज असते. वीरमरण आलेल्याच्या घरी जसे आपण जातो तसेच या घरीही जावे.

सभासद डॉक्टरांना आमची सूचना आहे की, आपल्या केस पेपरवर 'नोकरी' या रकान्यात 'माजी सैनिक' असे लिहिले असेल तर त्याच्या बाजूला निवृत्तीचे वर्ष लिहावे आणि वर सांगितलेले पहिले दोन प्रश्न एकदा तरी विचारावेत. हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत.